आधी मीटर लावा

चालू वस्तूत अप्पांना रस नाही. चालू टीव्हीसमोर ते पाच मिनिटांत पेंगायला लागतात. तोच टीव्ही मध्येच काळा पडला की खाडकन जागे होतात आणि विचारतात, "कुणी हात नाही ना लावला? लावू नका. मी आलो." मग कपाळावरचा चष्मा नाकावर येतो, गुडघ्यांचं दुखणं विसरलं जातं आणि अप्पा टीव्हीमागं गडप होतात.

डेट्रॉइटच्या एका उपनगरात शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन आमच्या मंडळाचा गणपती बसतो. एका वर्षी आरतीच्या ऐन तोंडावर माईक घुमायला लागला. कॉलेजातल्या एका पोरानं स्पीकरमागची वायर उपसून परत खोचली, घुमणं थांबलं, सगळ्यांनी हुश्श केलं. अप्पा तेवढे दुखावले.

"का थांबला, कळलं का तुला?"

"नाही काका. पण थांबला ना?"

"थांबलेला नाही. दबा धरून बसलाय."

आरतीभर अप्पा टाळ्या वाजवत होते, पण डोळे गणपतीवर नव्हते. प्रसादाच्या वेळी माईक पुन्हा घुमला. आयुष्यात इतका आनंद त्यांना फार थोड्या वेळा झाला असेल.

अप्पा सांगलीचे. वालचंद कॉलेजातून मेकॅनिकल करून पुण्यात थोडी उमेदवारी केली, मग डेट्रॉइटला आले ते कायमचे. मोटारीच्या कंपनीत, क्वालिटीत, सगळी नोकरी गेली. वॉरंटीत परत आलेली गाडी का बिघडली हे शोधायचं, त्याचा अहवाल लिहायचा आणि अहवालाखाली सह्या घ्यायच्या. टोयोटाकडून जगभर पसरलेली 'पाच वेळा का विचारा' ही पद्धत त्यांच्या अंगात इतकी मुरली की निवृत्त झाल्यावरही उतरली नाही. दिवाळीत चकली मऊ पडली तर इतर नवरे गप्प खातात. अप्पांनी मात्र भाजणीपासून तेलाच्या तापमानापर्यंत चौकशी लावली आणि तिसऱ्या 'का'ला वहिनींनी झारा त्यांच्या हातात देऊन बैठक बरखास्त केली.

त्यांचं एक ठाम मत आहे आणि ते ऐकल्याशिवाय त्यांच्या घरातून कुणी चहा पिऊन परत आलेलं नाही: "पार्ट बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. ती खरेदी."

अशा माणसानं निवृत्तीनंतर बोट घ्यावी यात नवल काही नाही. पाच महासरोवरांपैकी चारांचं पाणी मिशिगनला लागतं. उन्हाळा आला की इथं ज्याच्या त्याच्या गाडीमागं ट्रेलर आणि ट्रेलरवर बोट. अप्पांनी हंगाम संपताना, म्हणजे किमती पडतात तेव्हा, एकोणीस फुटी जुनी बोट घेतली. वहिनींनी विचारलं, "चालते ना?"

"चालते की. फक्त ट्रिम कधीकधी अडकतो, असं मालक म्हणाला."

ते वाक्य ज्या सुरात आलं त्यावरून वहिनी काय ते समजल्या. दुसरा कुणी असता तर त्याच वाक्यावर पाचशे डॉलर कमी करून मागितले असते. अप्पांनी त्याच वाक्यासाठी बोट घेतली होती.

आता हा ट्रिम म्हणजे काय ते सांगायला हवं. अप्पांच्या ओळखीच्या माणसाला ते टाळता येत नाही. या जातीच्या बोटीला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. इंजिन बोटीच्या पोटात, मागच्या भिंतीला लागून. पंखा ज्याच्या टोकाला फिरतो तो भाग त्या भिंतीबाहेर, पाण्यात. त्याला बोटवाले 'लेग' म्हणतात. १९५९च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात व्होल्वो पेंटानं 'ॲक्वामॅटिक' नावानं अशी जोडणी मांडली. तिच्यामागं डोकं होतं जिम विन या अमेरिकन इंजिनिअरचं, आणि हा विन आधी मर्क्युरी कंपनीत नोकरीला होता. मर्क्युरीचा मर्क्रूझर आला १९६१ साली. ही गोष्ट सांगताना अप्पा इथं हमखास थांबतात आणि म्हणतात, "माणूस नोकरी सोडून चाललाय म्हटल्यावर त्याच्या कपाटात काय आहे ते आधी बघायला नको?" अप्पांच्या स्वतःच्या निरोप समारंभात त्यांचं कपाट कुणी बघितलं नाही, ही सल त्यात असावी असं मला वाटतं.

तर हा लेग एका कड्यात अडकवलेला असतो, त्यामुळं डावीउजवीकडं वळतो आणि वरखालीही होतो. हे वरखाली करणं म्हणजेच ट्रिम. त्यासाठी त्याच्या दोन्ही अंगांना एकेक हायड्रॉलिक सिलिंडर. बोटीच्या आत पंप, त्याच्यावर बारा व्होल्टची मोटर. मोटर एका बाजूला फिरली की तेल सिलिंडरांच्या एका टोकाला जातं, उलटी फिरली की दुसऱ्या टोकाला. लेग बोटीकडं ओढून घेतला की बोटीचं नाक खाली दबतं, बाहेर ढकलला की नाक उठतं. सुटताना लेग आत हवा, वेग धरला की जरासा बाहेर, आणि जास्त बाहेर काढलात तर नाक धपाधप पाण्यावर आपटायला लागतं. अप्पा हे बैलगाडीवरून समजावतात: ओझं मागं गेलं की गाडी उलाळ होते, पुढं आलं की जू बैलांच्या मानेत रुततं, गाडीवान पोती सरकवतो ते काम इथं अंगठ्याखालचं बटण करतं. समोरच्या बहुतेकांनी बैलगाडी पुण्याजवळच्या हुरडा पार्टीत भाड्यानं बघितलेली असते. ते माना डोलावतात.

अप्पांच्या बोटीचं दुखणं असं की वर जायचं बटण दाबलं की पंपाजवळ 'टक्' व्हायचं. बस. लेग जागचा हलायचा नाही. आणि कधी आपण होऊन सुरळीत चालायचा, चार दिवस चालत राहायचा, मग पुन्हा टक्. कायम बिघडलेली वस्तू ही अप्पांच्या मते सरळमार्गी. कधीतरी बिघडणारी वस्तू म्हणजे खरी मेजवानी.

त्यांनी या आजाराच्या आवाजांचं शास्त्रच तयार केलं आणि सहलीला, वाढदिवसाला, डोहाळजेवणाला ते तोंडानं आवाज काढून सादर केलं. बटण दाबलं आणि काहीच आवाज नाही: मग बटण, वीस अँपिअरचा फ्यूज किंवा वाटेतली बारीक तार, पंपाला हात लावायचं कारण नाही. नुसतं 'टक्': म्हणजे निरोप सोलेनॉइडपर्यंत, मोटरला वीज सोडणाऱ्या खटक्यापर्यंत, पोहोचला, पण पुढं मोटरला ताकद मिळाली नाही, बॅटरी बघा, सोलेनॉइड बघा, जाड तारा बघा. 'घुंऽऽ' आवाज येतोय, मोटर फिरतेय आणि लेग ढिम्म: तेल कमी, नाहीतर तेलात हवा, नाहीतर मोटर आणि पंप यांच्यामधला सांधा तुटला. लेग वर गेला पण सकाळपर्यंत आपोआप खाली आला: सील किंवा पंपातला व्हॉल्व्ह गळतोय. साध्या बटणानं जात नाही, पण ट्रेलरच्या बटणानं, म्हणजे बोट ट्रेलरवर घेताना लेग उचलायच्या वेगळ्या बटणानं, जातो: लेगच्या डाव्या अंगाचा लिमिट स्विच गेला, कारण ट्रेलरचं बटण त्याला वळसा घालून जातं. हा शेवटचा प्रकार सांगताना अप्पांचा आवाज मऊ होतो. त्यांच्या बोटीला नेमका तो झाला नव्हता.

डोहाळजेवणात 'घुंऽऽ' काढून दाखवल्यावर वहिनी तीन दिवस बोलल्या नाहीत. अप्पांनी त्याचीही कारणं मांडली होती म्हणतात, पण तो कागद मी पाहिलेला नाही.

चार जुलैच्या सुट्टीला अप्पांनी आम्हा तीन कुटुंबांना बोटीवर बोलावलं. लाइफ जॅकेटं, टोप्या, बटाटेवड्यांचे डबे असा सगळा जामानिमा घेऊन आम्ही पोहोचलो, तर बोट ड्राइव्हवेमध्ये, ट्रेलरवर. अप्पा इंजिनाच्या झाकणात कमरेपर्यंत शिरलेले. बाहेर फक्त पाय आणि आवाज.

"या, या! वर चढा. शूज काढून."

आम्ही चढलो. एकाला बटणापाशी बसवलं, एकीच्या हातात टॉर्च दिला, मला मीटरचा आकडा मोठ्यानं वाचायचं काम मिळालं. अप्पा आतून ओरडायचे, "वर!" बटण दाबलं जायचं. टक्. "किती?" "बारा पॉइंट सहा." "बॅटरी निर्दोष! लिहून घ्या." निळ्या-पांढऱ्या तारेतून वर जायचा निरोप येतो, हिरव्या-पांढऱ्यातून खाली यायचा, दोन्हींची तपासणी झाली. ११० अँपिअरचा मोठा फ्यूज झाला. तेलाची पातळी झाली, आणि ती लेग पूर्ण खाली असतानाच बघायची, वर असताना टाकी भरली तर लेग उतरताना सगळं तेल बाहेर सांडतं, ही पुरवणीही झाली. तेल दुधासारखं पांढरट नव्हतं, म्हणजे पाणी शिरलेलं नव्हतं. वडे बोटीतच वाटले गेले. कुत्री फिरवायला निघालेले शेजारी हात हलवून पुढं जात होते. जमिनीवरच्या बोटीत लाइफ जॅकेट घालून वडे खाणारी माणसं, यात त्यांना काही वावगं वाटलं नसावं. या गल्लीत अप्पांना सगळे ओळखतात.

एका पोरानं अखेर विचारलंच, "अप्पा आजोबा, आपण कधी निघणार?"

"निघालोच आहोत बाळा," आतून आवाज आला. "आठव्या पायरीवर आहोत."

बोट कधीच पाण्यात गेली नाही असं मात्र नाही. ऑगस्टमध्ये लेग आठवडाभर चांगला वागला आणि अप्पा आम्हाला सेंट क्लेअर सरोवरावर घेऊन गेले. ह्यूरन आणि ईरी या दोन महासरोवरांच्या मधलं हे पाणी. अकराशे चौरस किलोमीटरांचा पसारा, सरासरी खोली जेमतेम साडेतीन मीटर, पलीकडं कॅनडा. इतक्या उथळ आणि शेवाळी पाण्यात लेग सारखा वरखाली करावाच लागतो. पंख्याला गवताची वेटोळी बसली की लेग वर घ्या, पंखा उलटा फिरवून गवत झटका, पुन्हा खाली. अप्पांनी सुकाणू मला दिलं आणि स्वतः पंपाजवळ कान लावून बसले. निळंशार पाणी होतं, शिडाच्या होड्या होत्या, वारा सुरेख होता. त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

परत आलो, बोट ट्रेलरवर ओढून घेतली आणि लेग उचलायला बटण दाबलं. टक्.

लेग खाली असताना बोट उतारावरून ओढता येत नाही. लेगच्या तळाचं पातं सिमेंटवर घासतं आणि मोडतं. शनिवारची संध्याकाळ. आमच्यामागं पिकअप गाड्यांची रांग. इथले लोक हॉर्न वाजवत नाहीत. गाडीतून उतरतात, हाताची घडी घालतात आणि नुसतं बघतात. त्यापेक्षा हॉर्न परवडला.

अप्पांनी शांतपणे झाकण उघडलं, प्लॅस्टिकच्या पाकिटातला तपासणीचा तक्ता काढला आणि पहिली पायरी वाचली. उन्हानं लाल झालेला एक आडदांड गडी पुढं आला. काही मदत करू का, म्हणाला. अप्पांनी आनंदानं मीटर त्याच्या हातात दिला आणि मूळ कारण कसं शोधायचं ते समजावायला घेतलं. सोलेनॉइडवर ताण का पडला? लेग वारंवार उचलावा लागला म्हणून. तो का उचलावा लागला? गवत अडकतं म्हणून. गवत का वाढलं? पाणी नितळ झालं, तळापर्यंत ऊन पोहोचायला लागलं म्हणून. पाणी का नितळ झालं? झेब्रा शिंपल्यांनी गाळलं म्हणून. शिंपले कुठून आले? समुद्रापारच्या जहाजांनी तोल राखायला भरून आणलेल्या पाण्यातून. महासरोवरांच्या टापूत १९८८ साली ते पहिल्यांदा सापडले ते याच सेंट क्लेअरमध्ये. पाचव्या 'का'ला अप्पा काळ्या समुद्राच्या आणि कास्पियनच्या काठावर उभे होते, आणि यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हीच खरी पंचाईत. तो गडी मीटर धरून ऐकत होता. रांग आणखी तीन गाड्यांनी वाढली.

शेवटी मागून दोघं-तिघं आले. सिलिंडरांच्या मागच्या पिना काढल्या, एक फळी खाली घालून लेग खांद्यानं उचलला, दोरीनं आवळून बांधला, आणि अप्पांची बोट उतारावरून बाहेर निघाली. हा कार्यक्रम चालू असताना अप्पा घसा फोडून सांगत होते, "काही हलवू नका! तारांना धक्का लावू नका! पुरावा जातोय!"

मला तेव्हा ते हास्यास्पद वाटलं. आता तितकंसं वाटत नाही, का ते पुढं येतंच आहे.

अप्पांच्या शेजारी एक अमेरिकन गृहस्थ राहतात. हे अगदी उलट्या मुशीतले. त्यांच्या गॅरेजात सुट्या भागांची खोकी छतापर्यंत रचलेली. बिघाड ऐकला की निदान तयार आणि निदान म्हणजे नेहमी एखादा पार्ट. त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, सोलेनॉइड बदल, वीस-पंचवीस डॉलरचं काम. अप्पांनी त्यांना पद्धतशीर विचार म्हणजे काय ते पाऊण तास सांगितलं. ते ऐकून घेऊन गृहस्थ म्हणाले, वीस-पंचवीस डॉलरचं काम.

अप्पा दातांच्या डॉक्टरकडं गेलेले असताना या भल्या माणसानं, शेजारधर्म म्हणून, स्वतःच्या खर्चानं सोलेनॉइड बदलून टाकला. अप्पा परतले तेव्हा लेग झोकात वरखाली होत होता आणि शेजारी अंगठा दाखवत उभा होता. एवढ्या मोठ्या उपकाराला शिव्या देता येत नाहीत. सुजलेल्या गालानं अप्पा 'थँक यू' म्हणाले. त्या रात्री जेवले नाहीत. वहिनींच्या मते दाढेमुळं, माझ्या मते नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काढून टाकलेला सोलेनॉइड टेबलावर घेतला, बारा व्होल्ट लावले, संपर्क तपासले. ठणठणीत होता. अप्पांनी तो झिपच्या पिशवीत घातला आणि वर चिठ्ठी चिकटवली: 'निर्दोष.' ती पिशवी अजून त्यांच्या कपाटात आहे.

तीन आठवड्यांनी भल्या पहाटे माझा फोन वाजला. इतक्या पहाटे भारतातून फोन आला की छातीत धस्स होतं. हा अप्पांचा होता आणि आवाजात वीस वर्षांचा तरणा उत्साह होता.

"टक्! अरे, टक्!"

मी पोहोचलो तेव्हा त्यांची मांडणी झालेली होती. इथून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आजवर आपण मोटरकडं काय जातं ते मोजत होतो, अप्पा म्हणाले, मोटरकडून परत काय येतं ते मोजलंच नाही. मीटरचं एक टोक त्यांनी पंपाच्या काळ्या तारेवर, पंपाच्या बाजूला टेकवलं, दुसरं बॅटरीच्या ऋण टोकावर. तार धड असेल तर बटण दाबल्यावर आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा. मी बटण दाबलं. टक्. आकडा चारच्या वर जाऊन थरथरत उभा राहिला. बारा व्होल्टपैकी चार वाटेतच गळत होते.

काळी तार इंजिनाला जिथं बोल्टानं आवळली होती तिथं वरून सगळं चकचकीत. रबराची नळी घट्ट बसलेली. अप्पांनी पानपट्टीवाल्याच्या चाकूइतकं लहान पातं काढलं आणि ती नळी उभी चिरली. आत तांबं उरलंच नव्हतं म्हटलं तरी चालेल. तार कळकली होती. हिरवी पूड त्यांच्या तळहातावर सांडली आणि तिच्यात केसांसारखे पाच-सहा तंतू तेवढे धड. तार हलली की ते तंतू टेकायचे, लेग चालायचा. पुन्हा हलली की सुटायचे. शेजाऱ्याच्या नव्या सोलेनॉइडनं काहीच केलं नव्हतं. तो बसवताना त्याचं कोपर तारेला लागलं होतं. उतारावर आरडाओरडा करून अप्पा जो पुरावा वाचवायला बघत होते तो हाच.

मला वाटलं, आता ते नाचतील. त्यांनी ती पूड एका डबीत भरली, डबीवर तारीख घातली, आणि मग बराच वेळ इंजिनाच्या कडेवर बसून राहिले.

नवी तार, कथलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची. नवं टोक, वर गोंदाच्या अस्तराची नळी. तासाभराचं काम, खर्च शेजाऱ्याच्या सोलेनॉइडपेक्षा कमी. बटण दाबलं आणि लेग एका दमात, कुरकुर न करता, वर गेला. खाली आला. वर गेला. अप्पांचा चेहरा प्रत्येक खेपेला उतरत गेला.

सप्टेंबरचा महिना त्यांना फार जड गेला. आम्ही सरोवरावर जायचो, बोट सुरेख चालायची, लेग आज्ञाधारकपणे हलायचा आणि अप्पा उतारूसारखे बसून राहायचे. वजन घटलं. मंडळाच्या बैठकीत त्यांनी एकाही मुद्द्याला हरकत घेतली नाही तेव्हा अध्यक्षांनी घरी फोन करून तब्येत विचारली. वहिनी मला म्हणाल्या, "घरातलं काहीतरी मोडून देऊ का रे यांना? पण यांना ओळखूही येईल, मीच मोडलं म्हणून."

ऑक्टोबरात बोटी मिटायच्या असतात. इंजिनातलं पाणी काढायचं, लेग पूर्ण खाली सोडून ठेवायचा, म्हणजे त्याच्यातलं पाणी निथळतं आणि रबरी भाते ताणलेले राहत नाहीत. त्याआधीच अप्पांनी बोट विकायला काढली. पहिलं गिऱ्हाईक, एक तरुण जोडपं, सगळं चालतं ना, एवढंच विचारायला आलं होतं. अप्पांनी चालतं म्हणून सोडून द्यायचं! त्यांनी आधी का चालत नव्हतं ते सांगायला फाइल उघडली, डबीतली पूड दाखवली, निर्दोष सोलेनॉइड दाखवला. जोडपं फोन आल्याचं निमित्त करून गेलं. दुसरं गिऱ्हाईक कास्पियनपर्यंत टिकलं.

तिसरा एक म्हातारा होता. पोलंडकडचे हेल असलेलं इंग्रजी, जाड बोटं, आयुष्य डाय बनवण्यात गेलेलं. त्यानं किंमत विचारली नाही. लेग वर करायला लावला, कान दिला. खाली करायला लावला, कान दिला. मग गुडघ्यावर बसला, उजव्या सिलिंडरच्या दांड्यावरून, सीलच्या अगदी तोंडाशी, अंगठा फिरवला आणि अंगठ्याचा वास घेतला.

"तेल," म्हणाला. "गळत नाही. घाम येतोय."

अप्पा त्याच्याकडं बघत राहिले. ही नोंद फाइलमध्ये नव्हती. त्यांनी स्वतः अंगठा फिरवला, वास घेतला आणि त्यांच्या तोंडावर महिन्याभरानं रंग आला. म्हाताऱ्यानं खिशातून मीटर काढला, काट्याचा, जुना. अप्पांनी आपला आकड्यांचा काढला. गळतीशी मीटरचा काही संबंध नाही हे दोघांनाही माहीत होतं. दांड्याभोवती कागदी रुमाल बांधून सकाळपर्यंत किती ओला होतो ते बघायचं ठरलं. विक्रीचा विषय निघाला नाही. सील का झिजलं हे कळल्याशिवाय बोट विकणं म्हणजे पुढच्या माणसाला फसवणं, असं अप्पा मला नंतर गंभीरपणे म्हणाले.

म्हातारा दर शनिवारी सकाळी येतो. वहिनी दोघांसाठी पोहे करतात. तो वर कच्ची मिरची मागून घेतो. काट्याचा मीटर खरा की आकड्यांचा, यावर त्यांचं भांडण अजून चालू आहे. परवा तो स्वतःची बोट ट्रेलरवर घालून घेऊन आला आणि अप्पांच्या बोटीला खेटून लावली. तिचा लेग वर गेलाय तो खालीच येत नाही.

"तुलनेला नमुना हवाच होता," अप्पा म्हणाले.

वहिनींची गाडी सध्या आमच्या दारात उभी असते.